जैनबीची रांग

१९९३ साली मी सदतीस वर्षांचा होतो, आणि आमच्या गावात पिठाच्या दोन गिरण्या होत्या. एक माझी, डिझेल इंजिनावर चालणारी. दुसरी जैनबीची, लाईटवर चालणारी. मधे फक्त रस्ता. माझ्या इंजिनाच्या धुराच्या नळीवर मी पत्र्याचा डबा उपडा बसवला होता. इंजिन सुरू झालं की तो कुक् कुक् करून ओरडायचा आणि पार ओढ्यापलीकडं खुरपणाऱ्या बाईलाही कळायचं की गिरणी लागली. जैनबीच्या गिरणीला असा आवाज नव्हता. मोटारीची गुणगुण आणि दगडाची घरघर, ती रस्त्यापर्यंतच.

मी एकदा म्हणालो, "भाभी, तुमची गिरणी मुकी हाय."

ती म्हणाली, "हाव. तुमची वरडती, माझी दळती."

ही जैनबी. तिच्याविषयी लिहायला बसलो आहे. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा यात कुणी भाषा शोधू नये. बघितलं ते लिहिलं आहे. कुणाला खोटं वाटलं तर त्यानं समोर येऊन सांगावं.

आमचं गाव औसा तालुक्याच्या टोकाला. जैनबी मात्र बिलोलीकडची, तेलुगू मुलखाच्या हद्दीवरची. रागावली की "अय्यो" म्हणायची, आणि मराठी बोलता बोलता दख्खनीत शिरून परत यायची. तिचा नवरा करीमभाई लातुरात एका गिरणीवर कामाला होता. तिथं शिकून त्यानं गावात स्वतःची गिरणी टाकली आणि वर्ष-दीड वर्षात काविळीनं गेला. मुलगा वाहिद तेव्हा शाळेत. गावाला वाटलं, आता बाई गिरणी विकणार. काहींनी तर मोटारीला गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. इद्दतीचे, म्हणजे विधवेनं घरात बसायचे, चार महिने दहा दिवस संपले, तिनं गिरणीचं दार उघडलं, पदर खोचला, नाकातोंडाला फडकं बांधलं आणि मोटारीचा पट्टा चढवला. गिऱ्हाईक बघणारे तिथंच उभे होते. त्यांना म्हणाली, "दळायचं असल तर डबा आना. बघायचं असल तर बाजूला व्हा, उजेड अडतो."

बाई उंच, हाडकुळी. भुवया कायम पिठानं पांढऱ्या. पुढं म्हातारपणी त्या खरोखरच पांढऱ्या झाल्या तेव्हा गावात कुणाच्या लक्षातच आलं नाही.

तिची एक सवय होती. दगडाखालून पीठ पडायला लागलं की चिमटीत धरायची, अंगठ्यानं चोळायची आणि लाईट कशी आहे ते सांगायची. भिंतीवरच्या व्होल्टच्या काट्याकडं बघायची नाही. पीठ जाड आणि कोमट पडलं की म्हणायची, "आज लाईट पातळ हाय." मऊ पडलं की, "आज दाट हाय." आमच्या गावात हे शब्द तिच्यामुळं रुळले. चहाच्या टपरीवरचा बल्ब मिणमिणला तरी माणसं म्हणायची, जैनबीला विचारा, पातळ हाय का दाट.

आता लाईटवरच्या गिरणीचा मोठा त्रास म्हणजे लाईट. माझं इंजिन हँडल मारलं की माझ्या हुकमात. तिची मोटार तीन फेज आल्याशिवाय हलत नसे, आणि तीन फेज कधी येतील ते येणाऱ्यालाच माहीत. बायांनी काय करावं? शेतातलं काम टाकून गिरणीपुढं बसून राहावं? म्हणून जैनबीनं रांग काढली. बाईची नव्हे, डब्याची. गिरणीच्या बाहेर ओट्यावर दोन रांगा, एक ज्वारीची, एक गव्हाची, कारण ज्वारीवर गहू दळला की चपातीला चिरा पडतात आणि भांडण गिरणीवालीशी होतं. बाईनं सकाळी डबा आपल्या रांगेत शेवटी ठेवायचा आणि कामाला निघून जायचं. लाईट आली की जैनबी पहिल्या डब्यापासून सुरुवात करणार. दळलेला डबा झाकण लावून पलीकडच्या फळीवर. संध्याकाळी बाई आली की आपला डबा उचलून घरी. दाणे किती होते, पीठ किती आलं, कुणी मोजत नव्हतं.

या रांगेतला डबा पुढं सरकत नसे. सरपंचीणबाईंनी एकदा गडी पाठवून आपला डबा पहिला ठेववला. घरी पाव्हणे आले होते म्हणे. जैनबीनं तो उचलला आणि शेवटी नेऊन ठेवला. गडी म्हणाला, "अवो, सरपंचाचा डबा हाय त्यो."

"मला दिसतंय. पत्र्याचाच हाय न्हवं?"

पाव्हण्यांनी त्या दिवशी भात खाल्ला.

त्याच ९३ साली भाद्रपदात गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे भूकंप झाला. शेजारच्या गावांत जे झालं ते मी लिहिणार नाही, ज्यांनी बघितलं त्यांना सांगायला नको. आमचं गाव त्या पट्ट्याच्या कडेला. आमची माणसं वाचली, भिंती पडल्या. जैनबीच्या गिरणीची दगडमातीची भिंत मोटारीवर बसली. खांब कलले, तारा रस्त्यात पडल्या, लाईट गेली ती कित्येक आठवडे आलीच नाही. माझी गिरणी पत्र्याच्या शेडात, म्हणून तिला काही झालं नाही. सगळं गाव शेतात ताडपत्रीखाली राहायला गेलं. मदतीचा गहू पोत्यानं येऊन पडला होता आणि दळायला एकच गिरणी. मी दिवसभर इंजिन चालवायचो. बाया एकमेकींच्या अंगावर पडायच्या, डबे सांडायचे, शिव्या. मला एकट्याला आवरेना.

असाच एक दिवस जैनबी आली. मला वाटलं दळण घेऊन आली असेल. हातात डबा नव्हता, छिन्नी आणि हातोडी होती. खालून पडणारं पीठ तिनं चिमटीत धरलं.

"माधवभाऊ, दगड बोथट झालेत."

"माझ्या दगडाचं मी बघतो, भाभी."

"बघितलं असतं तर असं पीठ पडलं नसतं. हे पोटात जाऊन दुखतंय. आधीच लोकांची पोटं ठिकाणावर न्हाईत. बंद करा इंजिन."

आजवर माझ्या गिरणीत मला कुणी बंद कर म्हणालं नव्हतं. पण गावातल्या बाया तिला आपा म्हणायच्या, आणि मागं उभ्या असलेल्या म्हणायला लागल्या, "करा की वो बंद, आपा म्हनू राहिली तर." मी केलं. तिनं वरचा दगड उतरवून घेतला आणि तिथंच मांडी घालून त्याला टाकी लावत बसली. टाक् टाक् टाक्, दगडाच्या मधापासून कडेपर्यंत बारीक खाचा. दगड परत चढवल्यावर ती घरी गेली नाही. बाहेर जाऊन बायांचे डबे ओळीत लावायला लागली. ज्वारी इकडं, गहू तिकडं. दुसऱ्या दिवशीही आली. लाईट येईपर्यंत रोज आली. मी मजुरीचं विचारलं तर म्हणाली, "तुमची मजूर न्हाई मी. माझी गिऱ्हाइकं हाईत, त्यांना सांभाळायला येऊ राहिले."

मला तेव्हा ते थट्टेतलं वाटलं. माझ्या दारात अशी शिस्त मी कधी पाहिली नव्हती, आणि मनात म्हणालो, आता सगळं गाव आपलं. पुढं खांब सरळ झाले, तारा ओढल्या. वाहिदनं आणि तिनं माती उपसून मोटार बाहेर काढली, लातूरला नेऊन तिचं वायंडिंग भरून आणलं, पत्र्याखाली बसवली. ज्या दिवशी लाईट आली त्या दिवशी तिनं माझ्या ओट्यावरचा पहिला डबा उचलला आणि रस्ता ओलांडला. मग दुसरा. बायांनी बघितलं आणि आपापले डबे उचलून तिच्या मागोमाग गेल्या, ओळ न मोडता. रांग घेऊन आली होती, रांग घेऊन गेली. माझ्या दारात मी आणि कुक् कुक् करणारा डबा, एवढंच राहिलं.

माझी आई मात्र पक्की माझी गिऱ्हाईक होती. पोराची गिरणी असताना दुसरीकडं दळायचं म्हणजे तिला लाज वाटे. पण आई महिन्याच्या दोन्ही एकादश्या धरायची, आणि उपासाच्या भगरीवरून आमचं वाजलं. मी गव्हाचं दळण झालं की त्याच दगडावर भगर टाकायचो.

"मादू, ह्याच्यात गहू हाय."

"दिसतोय का तुला?"

"देवाला दिसतोय."

त्यानंतरच्या एकादशीला सकाळीच आई पदराखाली काहीतरी झाकून रस्ता ओलांडताना दिसली. मी इंजिनाआडून बघत होतो. जैनबीनं मोटार बंद केली, वरचा दगड उचलून कुंचल्यानं दोन्ही दगड झाडले, ओल्या फडक्यानं पुसले, वाळू दिले. मग पदरची मूठभर भगर टाकून काढली आणि ते पीठ कोंबड्यांना ठेवलं. आईचा डबा तिनं हातात घेतला नाही. म्हणाली, "तुम्हीच ओता, मावशी." जुन्या बाया शिवाशिव पाळायच्या ते तिला ठाऊक होतं. त्याचं तिला काय वाटत होतं ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तेव्हा रमजान चालू होता. आईनं विचारलं, "तुजं बी उपाशी पोटच हाय का गं?"

"हाव. माझा रोजा, तुमची एकादस. दगडाला तेवढं खाऊ घालायचं."

घरी मी आईला विचारलं, "भगर कुठं दळलीस?"

"देवळात," आई म्हणाली आणि चुलीकडं तोंड फिरवलं.

मग काही वर्षांनी डिझेल परवडेना. मी इंजिन बंद केलं, गिरणी मोडली आणि शेतीकडं लक्ष दिलं. कुणाच्या सांगण्यावरून केलं नाही, माझं मी केलं. गावात जैनबीची एकच गिरणी राहिली.

तोवर लातूरचं वारं सुटलं होतं. नांदेडची, किनवटची, बीडची पोरं शिकवणीसाठी लातुरात येऊन राहत होती. ज्याला त्याला डॉक्टर नाही तर इंजिनेर व्हायचं. पोरं आली तशा खोल्या वाढल्या, खोल्या वाढल्या तशा खानावळी. वाहिद बारावीला गणितात आपटला आणि अशाच एका खानावळीत कणीक मळायला लागला. पोरगा डोक्यानं हुशार. त्यानं बघितलं, ह्या गल्लीत कणीक लागते ती पोत्यानं. त्यानं क्लासच्या मागच्या बाजूला गाळा धरला आणि आईच्या मागं लागला.

"अम्मी, मोटार-दगड उचलून तिकडं चल. तिथं लाईट जात न्हाई."

"न्हाई जात? का बरं?"

"गेली तर क्लासवाले बोंब मारतात. मोठ्या लोकांची पोरं हाईत. इथं गेली तर कोण बोंब मारतंय?"

"मी मारते की."

"तुझी कोण ऐकतंय!"

खरं होतं त्याचं. त्या काळात भारनियमनानं खेड्यांचा जीव काढला होता. लातुरात क्लासच्या पाट्या उजळलेल्या, आणि आमच्याकडं तीन फेज आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. गिरणी आणि शेतातल्या मोटारी एकाच डीपीवर, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवर. त्यात जैनबी निम्मा दिवस ओट्यावर बसून असायची. डब्यांची रांग पार पिंपळापर्यंत. तरी ती जायला तयार नव्हती. मला एकदा तिनं कारण सांगितलं, मी न विचारता. "इथं बाया डबा ठेवतात आन् निघून जातात. वाहिद सांगतो, तिथं खानावळवाला पोतं ठेवून डोळ्यात तेल घालून उभा राहतो. आन् इथं मी गिरणीवाली हाय, भाऊ. तिथं वाहिदची अम्मी."

त्या हिवाळ्यात डीपी जळाली. गावानं ट्रॅक्टर नेऊन दुसरी आणली, तीही जळाली. कारण सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. प्रत्येकानं विहिरीवरच्या मोटारीला ऑटो बसवला होता. ऑटो म्हणजे लाईट आली की मोटार आपोआप चालू. रात्रीच्या पाळीला थंडीत, साप-किरडातून मळ्यात जायला नको. पण लाईट आली की सगळ्या शिवारातल्या मोटारी एका दमात उठायच्या, आणि डीपी तो दम सोसायची नाही. लोक म्हणायचे, डीपीच कच्ची होती.

तिसरी डीपी बसली त्या दिवशी वाहिद आला होता. गिरणीपुढं बायांसमोर आईला म्हणाला, "अम्मी, ही जर जळाली तर मी टेम्पो घेऊन येणार. मग न्हाई म्हणायचं न्हाई. कबूल?"

जैनबीनं खांबाकडं बघितलं. नवी डीपी हिरव्या रंगात चकचकत होती.

"कबूल," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बायांनी डबे आणून लावले तर ती ओट्यावर उभी. "कुणाच्या मळ्यात ऑटो हाय?"

बाया आपापल्या डब्यांची झाकणं दाबत राहिल्या.

"मला ठाऊक हाय कुणाच्या हाय. ज्याच्या मोटारीला ऑटो, त्याचा डबा मागं. सगळ्यांचं झाल्यावर लाईट राहिली तर दळीन."

पहिल्यांदा बाया हसल्या. मग तिनं डबे उचलून मागं न्यायला सुरुवात केली तेव्हा हसू गेलं. ओळ जवळजवळ सगळीच मागं गेली. पुढं राहिले ते शेती नसलेल्यांचे डबे: शिंपी, दोन विधवा, मजूर घरं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं दळण आधी झालं. लाईट जाईपर्यंत मागच्या डब्यांना हात लागला नाही.

"आपा, अगं पुरुषांचं भांडण आमच्या डब्यावर काढतीस व्हय?"

"पुरुष माझ्याकडं कुठं येतात दळायला? तुम्ही येता. तुम्ही त्यांच्याकडं जा."

गावात दोन दिवस भात शिजला. तिसऱ्या दिवशी एकेकाच्या मळ्यातले ऑटो निघू लागले. काहींची मोटार रात्री कोण चालू करणार हा प्रश्न होता, तर चावडीवर बसून लोकांनी पाळ्या ठरवल्या. ओढ्याअलीकडच्या मोटारी आधी, पलीकडच्या मागून. सगळ्यांनी एकदम उठायचं नाही. एकानं दोघांच्या मोटारी चालू करून यायच्या. म्हाताऱ्या माणसाला रात्री पाठवायचं नाही. हे सगळं पुरुषांनी ठरवलं असं अजूनही पुरुष सांगतात.

माझ्या विहिरीवर ऑटो होता. मी काढला नाही. माझं म्हणणं सरळ होतं, आणि आजही तेच आहे: लाईट रात्री देणाऱ्यानं दिवसा द्यावी, मी ऑटो का काढू? बायको रोज डबा घेऊन जायची आणि तसाच परत आणायची. शेवटी म्हणाली, "तुमचा ऑटो उकडून घालू का ताटात?" मी उठलो आणि रस्ता ओलांडला.

"भाभी, सगळ्यांनी काढले. एका ऑटोनं डीपी जळती का?"

"न्हाई जळत."

"मग माझा डबा मागं का?"

"तुमचा पुढं घेतला तर उद्या शेजारचा म्हणेल, माझ्या एकट्यानं काय होतंय. मग रांग न्हाई राहत, भाऊ. आन् माझा टेम्पो दारात उभा राहतो."

"मी काढणार न्हाई."

"नका काढू. भात चांगला असतो."

ती दाणे ओतायला वळली. मी मळ्यात गेलो. ऑटो काढला नाही, पेटीत होता तसा ठेवला. फक्त त्याची वायर सोडवून ठेवली. कुणी विचारलं तर माझ्याकडं ऑटो आहे असं मी सांगत राहिलो. दोन दिवसांनी जैनबी शेळीला पाला आणायच्या निमित्तानं माझ्या बांधावर आली, पेटीचं दार उघडून आत बघितलं आणि लावलं. त्या संध्याकाळी आमचा डबा दळून आला.

ती डीपी जळाली नाही. वाहिद ईदला टेम्पो घेऊन आला, रिकामा. आईला साडी आणली होती. ओट्यावरची रांग बघितली आणि शिरखुर्मा पिऊन रिकामा टेम्पो घेऊन परत गेला. जाताना मला म्हणाला, "काका, तुमच्या गावानं माझा धंदा बुडवला." हसत म्हणाला, पण खरंच म्हणाला.

त्यानंतर जे झालं ते कुणी वाईट केलं नाही. शेतीची लाईन वेगळी झाली आणि गावठाणाची वेगळी. आमच्या गावात लाईट राहायला लागली. पावसात जायची, वाऱ्यात जायची, एरवी दिवस दिवस राहायची. जैनबीची मोटार कधी नव्हती तशी पळायला लागली. चिमटीत पीठ धरून म्हणायची, "दाट. आज बी दाट." गावात पोरांनी झेरॉक्स टाकलं, एकानं वेल्डिंग टाकलं, दुधाच्या डेअरीत फ्रीज आला. सगळ्यांचं बरं झालं. आणि गुरुजींच्या घरी घरघंटी आली. कपाटाएवढी गिरणी, स्वयंपाकघरात ठेवायची, बटण दाबायचं. तिला तीन फेज लागत नाहीत, घरची लाईट पुरते. फक्त लाईट जायला नको. आणि आता जात नव्हती.

एकीच्या घरी आली की शेजारणीला हवी. बचत गटानं काही आणल्या, सुनांनी माहेराहून काही आणल्या. माझ्या मुलानंही आणली. मी तिच्या पिठाची भाकरी जेवत नव्हतो, म्हणून बायको माझ्यापुरता वेगळा डबा जैनबीकडं द्यायची.

ओट्यावरची रांग आखडत गेली. जैनबीनं मिरची कांडायचं यंत्र लावलं, डाळीचं केलं. उन्हाळ्यात बरं चालायचं. मग तेही बसलं. मी एकदा ओट्यावर बसलो होतो. मोटार बंद, वर बल्ब जळत होता.

मी म्हणालो, "ह्या घरघंट्यांवर काहीतरी केलं पाहिजे, भाभी. मागल्यासारखं."

"काय करू? कुणाचा डबा मागं ठेवू? डबा तर यायला पाहिजे."

"तुम्ही गावासाठी डीपी वाचवली."

"गावासाठी न्हाई, गिरणीसाठी वाचवली." तिनं बल्बकडं बोट केलं. "लाईट राहावी म्हणून मीच बोंबलत होते ना? राहिली. आता रडू कशी? बायांच्या डोक्यावरचं वझं गेलं, भाऊ. मी बी बाईच हाय."

तिनं स्वतः वाहिदला फोन केला. ह्या खेपेला टेम्पो तिनं बोलावला.

फाल्गुनातली दुपार होती. लातूरहून दोन गडी आणले होते. मोटार उतरवली, पट्टा गुंडाळला, खालचा दगड उचलून ठेवला. वरच्या दगडाला तिनं लगेच कुणाला हात लावू दिला नाही, आधी गोधडी घातली, मग तो ठेववला, वरून दुसरी गोधडी. बाया जमल्या होत्या. माझी बायको म्हणाली, "आपा, तिकडं पोरांना पीठ लई बारीक देऊ नको, कॉलेजची पोरं हाईत, पोट भरल्यावानी वाटत न्हाई."

"देते जाड. लातूरची लाईट पातळ करून घेते."

बाया हसल्या. वाहिदनं पुढचं दार उघडून धरलं होतं. "अम्मी, चल. पुढं बस."

ती मागं चढली. पासष्टीच्या आसपासची बाई, फाळक्याला धरून चढली आणि गोधडीजवळ बसली.

मी म्हणालो, "भाभी, पुढं गादी हाय. धक्के बसतील मागं."

"पुढं बसले तर दगड कोण धरणार? ओढ्यात गाडी एकदा आदळली की चीर पडती."

टेम्पो निघाला. सरपंचाच्या घरापुढून वळला, डीपीखालून गेला. ओढ्यावरच्या उतारावर मला दिसलं, ती दोन्ही हात दगडावर टाकून, अंगाचा भार देऊन ओणवी झाली होती. पदर वाऱ्यानं डोक्यावरून पडला होता आणि तो सावरायला तिला हात मोकळा नव्हता. ओढा उतरून टेम्पो पलीकडं वर आला तेव्हाही ती तशीच होती. मग बाभळी आडव्या आल्या.

बायका घरी गेल्या. संध्याकाळी सुनेनं घरघंटी लावली आणि मी जेवलो नाही असं कुणी म्हणेल तर ते खोटं आहे. भात होता, भात जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्वारी निवडून घेतली, डबा भरला, झाकणावर दोरी आवळली आणि लातूरच्या पहिल्या एस.टी.ला चढलो. डबा पायाशी ठेवला. कंडक्टर तिकीट फाडता फाडता डब्याकडं बघून म्हणाला, "काय बाबा, काय हाय ह्याच्यात?"

"ज्वारी. दळायला चाललोय."

"लातूरला? अन् गावात गिरणी न्हाई का तुमच्या?"

"काल गेली," मी म्हणालो, आणि सुटे पैसे दिले.